वागा वागा म्हणजे खरंच पुष्कळ कावळे?

ऑस्ट्रेलियातल्या गावांच्या नावांबद्दलचा एक मजकूर फोनवर दर काही महिन्यांनी उगवतो. त्याचा सारांश असा: ही नावं 'आदिवासी भाषेतली' आहेत, त्या भाषेत शब्द दोनदा म्हटला की 'पुष्कळ' असा अर्थ होतो, म्हणून वागा वागा म्हणजे पुष्कळ कावळे, कॅनबेरा म्हणजे भेटण्याची जागा, उलुरू म्हणजे मोठा गोटा. आणि शेवटी हमखास कांगारूचा विनोद. इंग्रजांनी विचारलं 'हा कोणता प्राणी?', समोरचा म्हणाला 'मला कळत नाही', आणि तेच नाव पडलं. यातलं थोडंसं अर्धवट खरं आहे, म्हणून बाकीचं खपून जातं.

सगळ्यात मोठी चूक 'आदिवासी भाषा' या एकवचनात आहे. १७८८ साली इंग्रजांची वसाहत सुरू झाली तेव्हा त्या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा बोलल्या जात होत्या. वागा वागा विराजुरी भाषेच्या मुलखात आहे, सिडनीजवळचं पॅरामॅटा दारुगच्या, तर पार पश्चिमेकडचं कोजोनप नूंगारच्या. 'आदिवासी भाषेत याचा अर्थ अमुक' हे वाक्य 'भारतीय भाषेत भाकरीला काय म्हणतात' या प्रश्नाइतकंच पोकळ आहे. भाषेचं नाव न देता अर्थ सांगितलेला असेल तर पुढचं वाचण्याचीही गरज नाही.

आता कावळे. विराजुरीत कावळ्याला 'वागन' म्हणतात, हे खरं. पण गावाचं नाव 'वागा' आहे, 'वागन' नाही. मग शेवटचा न गेला कुठे? कावळ्याची व्युत्पत्ती सांगणारे या शेवटच्या 'न'बद्दल बोलत नाहीत. विराजुरी जाणत्या मंडळींचं म्हणणं असं की 'वागा' म्हणजे नाच. २०१९ साली तिथल्या नगरपालिकेनेही कावळे सोडून 'पुष्कळ नाच आणि उत्सव' हा अर्थ अधिकृतपणे स्वीकारला. म्हणजे मजकूर फिरवणारे शहराच्या स्वतःच्या भूमिकेपेक्षाही मागे आहेत.

'दोनदा म्हणजे पुष्कळ' हा नियमही सरसकट चालत नाही. काही भाषांत तो लागू पडतो: मध्य ऑस्ट्रेलियातल्या वार्लपिरीत 'कुडु' म्हणजे मूल आणि 'कुडुकुडु' म्हणजे मुलं. पण विराजुरीची जवळची बहीण असलेल्या न्गियांबात शब्द दोनदा आला की अर्थ उलट सौम्य होतो, 'साधारण तसा', आपल्या 'हिरवट'मधल्या 'ट'सारखा. आणि पिचनचाचारा भाषेत, उलुरू या मध्य ऑस्ट्रेलियातल्या प्रचंड खडकाजवळच्या घुमटाकार टेकड्यांचं नाव 'कता चुटा' आहे: कता म्हणजे डोकं, चुटा म्हणजे पुष्कळ. 'पुष्कळ'साठी तिथे सरळ वेगळा शब्द वापरला आहे. 'कता कता' असं कोणी म्हटलेलं नाही.

या नावापाशी जरा थांबायला हवं. रोमन लिपीत दोन्ही ठिकाणी साधा t छापतात, पण पहिला त-च्या जवळचा आहे आणि दुसरा जीभ मागे वळवून काढलेला ट. इंग्रजी कानाला हा फरक ऐकूच येत नाही. मराठी माणसाला तो समजावून सांगावाही लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या अनेक भाषांत ट, ण, ळ यांच्या जवळचे उच्चार आहेत, तर बहुतेक भाषांत स, श, फ हे ध्वनी मुळात नाहीत. त्याचबरोबर बहुतेक भाषांत क-ग किंवा प-ब असा अर्थ बदलणारा भेद नाही. ऐकणाऱ्याने जे ऐकलं ते त्याने लिहिलं. म्हणून सिडनीतले एकच लोक कुठे 'कडीगल' तर कुठे 'गडीगल' असे लिहिलेले सापडतात, आणि ज्यांच्या भागावर पॅरामॅटा वसलं ते लोक 'बुरामट्टागल'. 'गल' हा कुळाचा प्रत्यय, उरलं 'बुरामट्टा'. बुरा म्हणजे वाम मासा, म्हणून वाम माशांची जागा. १७८८ साली या वस्तीला रोझ हिल म्हणत. १७९१ साली वसाहतीचा गव्हर्नर आर्थर फिलिप याने तिला स्थानिक नाव दिलं. रोमन स्पेलिंगवरून अर्थ लावणारे इथेच फसतात, कारण ते p आणि b हे वेगळे शब्द समजतात.

कॅनबेराचं प्रकरण वादाचंच आहे. १८२०च्या दशकातल्या जमिनीच्या कागदांत 'कॅनबेरी' असं नाव येतं. राजधानीचं नाव म्हणून ते १२ मार्च १९१३ला जाहीर झालं. 'भेटण्याची जागा' हा अर्थ राजधानीला इतका शोभून दिसतो की तिथेच संशय यावा. दुसरं स्पष्टीकरण दोन टेकड्यांची तुलना स्त्रीच्या स्तनांशी करतं, तिसरं त्या भागातल्या लोकांच्या नावाशी जोडतं. सिडनीच्या दक्षिणेला किनाऱ्यावर असलेल्या वुलाँगाँग शहराचंही तसंच: कोणी 'समुद्राचा आवाज' म्हणतं, कोणी 'पाच बेटं'. एका नावाचे असे दोन-तीन अर्थ फिरत असतील, तर समजावं की नाव पहिल्यांदा टिपणाऱ्याने अर्थ टिपलाच नव्हता.

उलुरूचा 'मोठा गोटा' तर कुठल्याच आधारावर उभा नाही. तिथल्या पिचनचाचारा लोकांसाठी ते त्या जागेचं नाव आहे, आणि एका घराण्याचंही. त्याची फोड होत नाही. प्रत्येक नावाचा अर्थ निघालाच पाहिजे हा हट्ट नकाशाबाहेरच्यांचा.

आणि कांगारू. जून १७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकचं 'एंडेव्हर' जहाज प्रवाळखडकावर आपटलं आणि दुरुस्तीसाठी आजच्या कुकटाउनच्या नदीत काही आठवडे थांबलं. तिथल्या गूगु यिमिथिर लोकांकडून जहाजावरचा निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने जुलैत हा शब्द टिपला. त्या भाषेत 'गंगुरू' हा मोठ्या कांगारूच्या एका जातीचा खराखुरा शब्द आहे. संशय निर्माण झाला तो १८२० साली. किनाऱ्याचा सर्वेक्षक फिलिप किंग त्याच नदीवर गेला आणि त्याला वेगळाच शब्द मिळाला, 'मिन्हा'च्या जवळचा. मिन्हा म्हणजे खाण्याजोगा प्राणी. रानडुकराकडे बोट दाखवावं आणि समोरच्याने 'शिकार' म्हणावं, तसं झालं. १९७०च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंडने तिथे प्रत्यक्ष काम करून 'गंगुरू' पक्का केला.

गैरसमजातून पडलेलं नाव हवंच असेल तर मेलबर्नची नदी घ्या. १८३५ साली सर्वेक्षक जॉन वेज याने धबधब्याच्या दिशेने 'यारा यारा' ऐकलं आणि तेच नदीचं नाव म्हणून लिहिलं. ते पाण्याच्या खळाळाला म्हटलं होतं, हे त्याला नंतर कळलं. नदीचं वुइवुरुंग भाषेतलं नाव बिररुंग आहे.

पश्चिमेकडच्या 'अप'ने संपणाऱ्या नावांबद्दल मात्र फिरतं ते बरंचसं बरोबर आहे. नूंगारमध्ये 'अप' स्थळ दाखवतो: कोज म्हणजे दगडी कुऱ्हाड, त्यावरून कोजोनप, बोया म्हणजे दगड, त्यावरून बोयानप.

एखादं नाव तपासायचं तर आधी त्या जागेची भाषा ठरवावी, मग सगळ्यात जुनं स्पेलिंग शोधावं, प-ब, क-ग अदलून पाहावं, आणि मग त्याच भाषेच्या शब्दकोशात बघावं. पण त्याही आधी, नाव तिथलंच आहे का, हे. गोल्ड कोस्टवरच्या कूलनगाटाचा अर्थ क्वीन्सलंडच्या भाषांत शोधणारे थकतात. १८४६ साली त्या किनाऱ्यावर 'कूलनगाटा' नावाचं जहाज फुटलं. ते रेड सीडरचे, म्हणजे आपल्याकडच्या तूनच्या जातीचे, ओंडके न्यायला आलं होतं. पुढे वस्तीसाठी जमिनीची मोजणी झाली तेव्हा जहाजाचं नाव गावाला चिकटलं. जहाजाला ते मिळालं होतं शेकडो किलोमीटर दक्षिणेला, शोलहेवनजवळच्या एका डोंगरावरून.