कॅल्शियम बंद करण्याआधी पीटीएच बघा

प्रोस्टेट कॅन्सर हाडांत पसरलेल्यांनी कॅल्शियम टाळावं, असा सल्ला एका लेखात दिला आहे; तो सरसकट पाळणं धोक्याचं आहे. हा कॅन्सर हाडांत गेला की बहुतेकदा नवं, पण कच्चं हाड तयार करवतो. त्यात रक्तातलं कॅल्शियम ओढलं जातं, पातळी घसरते आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच (पॅराथायरॉइड हॉर्मोन) वाढवतात. त्यामुळे हाड झिजवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि झिजणाऱ्या हाडातून टीजीएफ-बीटासारखे वाढीचे घटक सुटतात. गाठीला नेमकं तेच खतपाणी! शिवाय कॅन्सरपेशी स्वतः पीटीएचआरपी हे पीटीएचसारखं प्रथिन बनवतात, तेही पेशींवरच्या पीटीएचच्याच रिसेप्टरवर (ते ओळखणाऱ्या जागेवर) बसतं.

डेनोसुमॅब हे हाडांची झीज रोखणारं इंजेक्शन (१२० मिग्रॅ, दर ४ आठवड्यांनी) चालू असताना कॅल्शियम तोडणं तर फारच वाईट, कारण हाडातून येणारा पुरवठा औषधाने आधीच रोखलेला असतो. ओठांभोवती मुंग्या, हातापायांत पेटके आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. इंजेक्शनआधी कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवणारं प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. अल्ब्युमिन ४ ग्रॅम/डेसिलिटरपेक्षा जितकं कमी, त्याच्या ०.८ पट कॅल्शियमच्या आकड्यात (मिग्रॅ/डेसिलिटर) मिळवा. नाहीतर रिपोर्ट फसवतो. दुरुस्त आकडाच वरच्या मर्यादेपलीकडे असेल, तर मात्र कॅल्शियमच्या गोळ्या थांबवून कारण शोधायला हवं.