‘स्कॅन आहे की, मग टंकता कशाला?’

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. थॉमस कँडी या इंग्रज कोशकाराचा १८४७ सालचा इंग्रजी-मराठी कोश स्कॅन करून ठेवलेला असताना मी तो पुन्हा अक्षर अक्षर टंकणं हा रिकामा उद्योग आहे, शिवाय टंकताना चुका घुसतात आणि लोक त्यांनाच प्रमाण मानतात, असं तुम्ही म्हणता.

चुकांचं आधी कबूल करतो. तुम्ही दाखवलेल्या तिन्ही खऱ्या निघाल्या, आजच दुरुस्त केल्या. ‘आचाऱ्याला’चं ‘आचार्याला’ व्हायला एक चुकीची कळ पुरते आणि स्वयंपाकी थेट गुरुपीठावर जाऊन बसतो! ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारी संगणकप्रणाली, तर माझ्याहून बेफिकीर. खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पानांवर ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’ आणि ‘ख’चा ‘रव’ करायला त्याला काहीच वाटत नाही. कादंबरीत असं झालं तर वाचक अंदाजाने सावरून घेतो. कोशात मूळ शब्दच चुकला, तर ती नोंद असून नसल्यासारखी.

पण स्कॅन पुरेसं आहे, हे मात्र मला पटत नाही. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. शब्द आधी माहीत असेल तरच तो तिथे सापडतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीचं बघा. शिकागो विद्यापीठाने तो कोश शोधता येईल अशा स्वरूपात ठेवला आहे. तिथे अर्थांमध्ये नांगराचा इंग्रजी शब्द शोधला की फाळ, इसाड, रुमणं असे शब्द समोर येऊ लागतात. शहरात वाढलेल्या माझ्यासारख्याला ‘रुमणं’ हा शब्दच ठाऊक नव्हता. मी तो छापील कोशात ‘र’खाली शोधणार कसा? मराठी-इंग्रजी कोश असा उलटाही वाचता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. कँडीचा कोशही तसाच उलटा वाचता यावा, म्हणून हा खटाटोप.

‘नांव’, ‘गांव’ हे जुनं लेखन तसंच का ठेवलं, विद्यार्थी गोंधळतात, हाही तुमचा आक्षेप. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले, कोश त्याआधीचा. मजकुराला हात लावायचा नाही, त्या काळच्या लेखनाचा तो पुरावा आहे. सोय करायची ती शोधात: ‘गाव’ टंकलं तरी ‘गांव’ मिळालं पाहिजे. हे अजून अर्धवटच जमलंय. अनुस्वार सरसकट दुर्लक्षिले तर ‘अंग’ आणि ‘अग’ एकत्र येतात.

हक्कांची काळजी नको. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि इथे मामला १८४७चा आहे. नव्या पुनर्मुद्रणाला कोणी प्रस्तावना जोडली असेल, तर ती मी घेत नाही.

प्रमाण कशाला मानायचं, या प्रश्नावर मात्र तुमचंच खरं: स्कॅनला. म्हणून आता प्रत्येक नोंदीपुढे छापील पानाचा क्रमांक देतोय, शंका आली की मूळ पान उघडून बघावं. फक्त मी उतरवलेल्या स्कॅनमध्ये काही पानांच्या कडा कापल्या गेल्यात, शेवटची अक्षरं दिसतच नाहीत. तुमच्याकडे छापील प्रत आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या पानांचे क्रमांक पाठवले, तर तेवढ्या ओळी ताडून द्याल का?