कारण : वैयक्तिक

गेल्या तीन महिन्यांत माझ्या अकरा जणांच्या टीममधील पाच जणांनी राजीनामे दिले आणि त्या पाचही अर्जांवर नोकरी सोडण्याचे कारण 'वैयक्तिक' असे लिहिले गेले. टीम लीड म्हणून हे अर्ज मंजुरीसाठी माझ्याकडे येतात, म्हणजे हे असत्य पाच वेळा माझ्याच हातून पुढे गेले आहे आणि त्याची चीड मला आता आवरत नाही. अर्जातील कारणांच्या यादीत उच्च शिक्षण आहे, विवाह आहे, आजारपण आहे, अधिक चांगली संधी आहे. 'व्यवस्थापनाचा निर्णय' हे कारण मात्र तिथे नाही. या पाचांपैकी एकाचेही कारण वैयक्तिक नव्हते. नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी, सगळे लॅपटॉप मिटवून उठत असताना, १ जानेवारीपासून आठवड्याचे पाचही दिवस आमच्या आयटी कंपनीच्या पुण्यातील हिंजवडीच्या कार्यालयात हजर राहणे सक्तीचे केल्याचा ईमेल आला आणि त्या ईमेलमुळे ही माणसे गेली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आम्हाला घरी पाठवणारी हीच कंपनी होती. मी लातूरला आले, आणि टीममधले बाकीचे उदगीर, अंबाजोगाई, परभणी, नांदेड अशा आपापल्या गावी गेले. घरून कामाच्या आड येणारे दूरसंचार खात्याचे जुने नियम त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिथिल झाले. पुढच्या वर्षी कंपनीने हिंजवडीतील तीनपैकी दोन मजले सोडले, भाडे वाचवले, आणि यापुढे घरून काम हेच कायमचे धोरण राहील, असे वरिष्ठांनी सर्वांसमोर सांगितले. त्या शब्दावर विसंबून लोकांनी आपले संसार मांडले. वाकडच्या भाड्याच्या खोल्या सोडल्या, मुलांची नावे गावातल्या शाळेत घातली, एकाने नांदेडला कर्ज काढून घर घेतले. वीज जाते म्हणून प्रत्येकाने स्वतःच्या पैशाने इन्व्हर्टर बसवला, आणि वादळात एक तार तुटली तर काम अडू नये म्हणून दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे इंटरनेट घेतले. चार वर्षांत ग्राहकाला दिलेली एकही तारीख आमच्याकडून चुकली नाही. तसे प्रमाणपत्र कंपनीनेच आम्हाला दोनदा दिले आहे.

पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत बसून हे आदेश काढणाऱ्यांना एक गोष्ट बहुधा कधीच कळणार नाही. मराठवाड्यातून माणूस कामासाठी बाहेर पडतो हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, आणि शिकलेली मुले पदवी हातात पडली की पुण्याची गाडी धरतात. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात राहून पुण्याचा पगार मिळवता येतो, तो गंजगोलाईच्या बाजारात खर्च करता येतो आणि म्हाताऱ्या आईवडिलांना रात्री दवाखान्यात नेता येते, हे आमच्या वाट्याला पहिल्यांदाच आले होते. ते काढून घेताना निदान एक पटणारे कारण द्यावे, एवढी अपेक्षा करणे जास्त होते का?

कारण म्हणून ईमेलमध्ये सहकार्य वाढावे, एकत्र बसून कल्पना सुचाव्यात आणि कंपनीची संस्कृती जपली जावी, अशी तीन वाक्ये होती. प्रत्यक्षात काय घडते ते मी जानेवारीपासून रोज पाहते आहे. टीममधले चौघे हैदराबादच्या कार्यालयात बसतात आणि ग्राहक जर्मनीत आहे. त्यामुळे भूमकर चौकातल्या कोंडीत सव्वा तास घालवून मी कार्यालयात पोहोचते आणि कानाला हेडफोन लावून लातूरच्या घरी जे करत होते तेच व्हिडिओ कॉलचे काम करते. दोन मजले सोडल्यामुळे खुर्च्या कमी आहेत. सकाळी साडेनऊनंतर आलेल्यांना कँटीनच्या टेबलावर लॅपटॉप उघडावा लागतो. मोजमाप आता कामाचे होत नाही, दारावर कार्ड किती वाजता लावले आणि किती वाजता काढले याचे होते, आणि दर सोमवारी टीममधल्या प्रत्येकाच्या तासांचा तक्ता माझ्याकडे येतो. आठवड्यात दोन तास कमी भरले म्हणून, रात्री दोन वाजता बंद पडलेली यंत्रणा उठून सुरू करणाऱ्या मुलाला मी खुलासा विचारावा, अशी माझ्याकडून अपेक्षा आहे.

घरून काम केल्याने उत्पादकता घटली असेल तर तो अहवाल आम्हाला दाखवा, असे मी लेखी विचारले. उत्तर आले नाही. या विषयावर जगात काहीच अभ्यास झालेला नाही असे नाही. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चीनमधील ट्रिप डॉट कॉम या प्रवास-आरक्षण कंपनीच्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिलेल्यांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले, आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत काहीही फरक पडला नाही. महिला आणि लांबून येणारे यांच्यात हा परिणाम विशेष दिसला. आमच्या व्यवस्थापनाने हे वाचलेले नाही असे मला वाटत नाही. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून पाच दिवस बोलावले, ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून बोलावले, एवढेच त्यांनी पाहिले. ज्यांच्याकडे हजारो खुर्च्या आहेत त्यांचा कित्ता ज्यांच्याकडे एकच मजला उरला आहे त्यांनी गिरवला.

मला सर्वांत जास्त जाळते ते जानेवारीच्या बैठकीतले एक वाक्य. पाच जण गेले तर काम कसे होणार, असे मी विचारले तेव्हा एका वरिष्ठांनी शांतपणे सांगितले, "काही जण जातील हे आम्ही गृहीतच धरले होते." म्हणजे माणसे कमी करायची होती, पण कपात म्हटले की भरपाई द्यावी लागते आणि बाजारात नाव खराब होते, म्हणून अंतराचा दांडपट्टा फिरवला. लातूर ते पुणे सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे आणि नांदेड त्याहून दूर, हे त्यांना ठाऊक होते. शिवाय अशा वेळी ज्यांना दुसरीकडे लगेच नोकरी मिळते ते आधी जातात, म्हणजे कामात सर्वांत तयार असलेली माणसे. घराच्या हप्त्यांनी बांधलेले आणि घाबरलेले मागे राहतात, आणि मागे राहिलेल्या आम्हा सहा जणांवर अकरा जणांचे काम आले आहे.

परभणीच्या आमच्या सहकारी बाईंचे मी विसरू शकत नाही. सासऱ्यांना पक्षाघात झालेला आहे, मुलगी दुसरीत आहे, आणि वर्षाच्या मध्यात पुण्यात तिला कोणती शाळा घेणार? त्यांनी फक्त एप्रिलच्या परीक्षेपर्यंत सवलत मागितली. माझ्या शिफारशीसह गेलेल्या त्या अर्जावर 'अपवाद करता येणार नाही' एवढे एका ओळीचे उत्तर आले, खाली कुणाचे नावही नव्हते. सात वर्षे काम केलेल्या बाईला नकार देताना सही करण्याचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. माझ्या सासूबाईंनी हे ऐकले तेव्हा विचारले, "काम तर इथूनबी होतंय की, मग कशाला बोलवायलेत तिकडं?" मला उत्तर देता आले नाही.

त्या बाईंचा अर्ज आला तेव्हा मी यादीतले कारण तसेच ठेवले, पण शेऱ्याच्या रकान्यात, सवलत नाकारल्यामुळे राजीनामा, असे स्पष्ट लिहिले. दुसऱ्या दिवशी एचआरमधून फोन आला, शेरा काढा, नोंदी नीट राहिल्या पाहिजेत. मी काढला नाही, म्हणून त्यांनी अर्ज परत पाठवला आहे.

सध्या परभणीच्या त्या बाई नव्वद दिवसांच्या नोटिशीवर आहेत, आणि नोटीस काळातही हजेरी सक्तीची आहे, म्हणून मुलीला आजारी आजोबांजवळ आणि शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून दर रविवारी रात्री परभणीहून ट्रॅव्हल्सने पुण्याला येतात. त्यांचे काम ज्या मुलाकडे सोपवायचे आहे तो हैदराबादच्या कार्यालयात बसतो. त्यामुळे रोज दुपारी त्या हिंजवडीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसून व्हिडिओ कॉलवरून त्याला काम समजावून सांगत असतात.