बिस्किटाचा डबा अन् चहाचा चोथा

दिवाळीची साफसफाई काढली की आमच्या घरात एक पत्र्याचा बिस्किटाचा डबा निघतोच, आत बिस्कीट नसतंय, औषधाच्या उरलेल्या गोळ्या असत्यात. ह्या वर्षी तो डबाच उचलून कट्ट्यावर नेला, म्हणलं सांगा आता हेचं काय करू.

मास्तर म्हणले, नालीत टाक अन् मोकळा हो. मी म्हणलं नाली जाती कुठं, गोदावरीतच की. मग मेडिकलवाला (आमचाच दोस्त, दुकान बंद करून रोज बसायला येतो) पेटला. म्हणला गिधाडं शेवटची कधी बघितली? ढोरांना डायक्लोफिनॅक (दुखण्या-सुजेचं औषध) टोचायचे, ते मढं गिधाडांनी खाल्लं की किडन्या फेल होऊन मरायची, तवा कुठं २००६ ला जनावरांसाठी बंदी आली. मास्तर म्हणले ते ढोरातून गेलं बाबा, नालीतून नाही. मुद्दा बरोबर होता, पण मेडिकलवाला ऐकायच्या मूडमध्ये नव्हता.

"मग तूच घे की वापस."

"दुकानातला माल एक्स्पायर झाला तर बिलावर वापस जातो, तुझी कापलेली अर्धी पट्टी कोण घेणार? केरळात २०२५ पासून सरकारच घरातली औषधं गोळा करायलंय. आपल्याकडं २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमातच लिहिलं होतं, एक्स्पायर औषधं अन् सुया हा घरगुती घातक कचरा, वेगळा द्यायचा. कोण देतंय?"

कोणीच नाही. घंटागाडीचं गाणं वाजलं की आपण एकच बादली घेऊन पळतो.

मग डबा उघडला. निम्म्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या, पाच दिवसाच्या कोर्समधल्या उरलेल्या दोन-दोन दिवसाच्या गोळ्या. ताप उतरला की बंद, अन् पुढं कुणाला सर्दी झाली की त्याच काढून द्यायच्या, सर्दी व्हायरसची, तिला अँटिबायोटिक काय करणार, उलट जंतू निबर होत्यात. इथं मास्तरसुद्धा गप बसले, म्हणजे त्यांच्या घरी पण डबा असणार.

तळाशी आबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची ट्रॅमाडॉलची पट्टी निघाली. मेडिकलवाला म्हणला ही मात्र सरळ संडासात टाकून फ्लश कर, २०२५ ला केंद्राच्या औषध खात्यानं असल्या १७ औषधांची यादी काढली.

"आरं मघाशी नाली नको म्हणायलास अन् आता संडासात?" मास्तर उठूनच उभे राहिले.

"गुंगीचं औषध हाय ते, लेकराच्या हाती लागलं तर जीवच जाईल, म्हणून तेवढ्यांनाच सूट. बाकीच्या गोळ्या, वेगळ्या घेणारं कोणी नसलं तर, पट्टीतून काढायच्या, मातीत नाहीतर चहाच्या चोथ्यात कालवायच्या, म्हणजे कुत्रं तोंड लावत नाही अन् कचरा वेचणारा उचलत नाही, पिशवीला गाठ मारून कचऱ्यात. बाटलीवर आपलं नाव असलं तर खोडायचं. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण लावून. इनहेलर जाळायचा नाही, फुटतो."

मी हॉटेलवाल्याकडं गेलो, म्हणलं दिवसभराचा चोथा दे. त्यानं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, म्हणला आधी मागची उधारी दे.