लपवून कशाला वाचायचं?

सिनेस्टारांच्या भानगडींवरच्या जाडजूड कादंबऱ्या म्हणजे निव्वळ वेळ घालवणं, असं तुमच्या लेखात म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. इंग्रजी लेखिका जॅकी कॉलिन्सची 1983 ची हॉलिवूड वाइव्ह्ज ही कादंबरी घ्या. बाईची सख्खी मोठी बहीण जोन कॉलिन्स स्वतः नटी, त्यामुळे त्या पार्ट्या, एजंट, प्रोड्युसर हे सगळं हिनं जवळून बघितलेलं आणि हिच्या नायिका नवऱ्यानं धोका दिला म्हणून रडत बसत नाहीत, हिशोब चुकता करतात. मला हे फार आवडतं, खरंच. भाषा साधीच आहे, मान्य, पण पाचशे पानं वाचकाला धरून ठेवणं सोपं काम आहे का?

नागपुरात मे महिन्यात दुपारी 45 डिग्रीत बाहेर पाय ठेवता येत नाही, मग कूलरमध्ये पाणी भरायचं, वाळ्याचा वास सुटतो आणि हातात बर्डीच्या बाजारातल्या फुटपाथवरून आणलेलं पुस्तक, पानं पिवळी पडलेली, कव्हरवर सोनेरी फुगीर अक्षरं, आत कोणाचं तरी पेनानं खोडलेलं नाव, याच्याहून मोठं सुख काय असते सांगा. माझी मावशी तर पेपरचं कव्हर घालून वाचायची, सासूबाईंनी "काय वाचून राहिली वं?" विचारलं की म्हणायची इंग्रजी सुधारून राहिली. आणि सुधारलं ना, मराठी मीडियमची असून! पुरुषांनी मारधाडीच्या रहस्यकथा रेल्वेत उघड्यावर वाचल्या, त्यांना कोणी काही बोललं नाही, मग बायकांच्याच पुस्तकांना कव्हर का घालावं लागायचं, यावर लिहा ना एकदा.