मुक्काम द्या, पण अटी लिहून द्या
सुट्टीच्या घरातले एक-दोन मुक्काम धर्मादाय लिलावाला द्यावेत, ही लेखातली सूचना मनापासून पटली. आमचं अलिबागजवळ नागावला छोटं घर आहे, एरवी भाड्याने देतो. गेली तीन वर्षं मुंबईतल्या एका संस्थेच्या लिलावाला त्यातल्या दोन रात्री देतोय. परळला टाटा रुग्णालयात उपचारांसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या कुटुंबांची राहण्याची सोय ही संस्था करते. तिथे फुटपाथवर पथारी टाकलेली माणसं पाहिली, की आपलं रिकामं घर डोळ्यांसमोर येतं.

पहिल्या वर्षी आमची चूक झाली. कुपनावर नुसतं 'दोन रात्री' लिहिलं. घेणाऱ्यांनी ३१ डिसेंबर मागितला, तो आधीच भरलेला. ते नाराज, संस्थेची पंचाईत. आता सगळं लिहून देतो: सोमवार ते गुरुवार, माणसं सहा, मुदत वर्षभर, दिवाळी-नाताळ वगळून, जेवणाचे पैसे वेगळे. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) किंवा पेणमार्गे यावं लागेल, हेही. घर सांभाळणाऱ्या काकांचे त्या दिवसांचे पैसे मात्र आम्हीच देतो. दान आमचं आहे, त्यांच्या मजुरीतून नको.

करसवलतीच्या आशेने कुणी देऊ नये. प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीतही दानाच्या वजावटीसाठी (८०जी म्हणून ओळखली जाणारी) पैशाच्या रूपातलंच दान धरतात, मुक्कामाची वजावट मिळत नाही. हवी असेल तर त्या रात्रींसाठी घर भाड्याने देऊन रक्कम चेकने द्या. पण लिलावात माणसं हात मोकळा सोडतात. गेल्या वेळी आमच्या दोन रात्रींना भाड्याच्या जवळपास दुप्पट बोली लागली.