"वेळ आली की गाव करतंच" हे अर्धंच खरं आहे

परवाच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाच्या आराखड्यावर बोलणं चाललं होतं. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीचं शेड. मी उठून म्हणाले, साथीच्या आजारासाठी म्हणून थोडी तरतूद ठेवूया. विरोध कुणीच केला नाही. एक वडीलधारे नाना मायेनंच म्हणाले, "बाई, कशाला ते कागदावर? आपलं गाव येळ आली की करतंच. कोरोनात न्हाई का केलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय पुढे गेला.

नानांचं बोलणं तेव्हापासून मनातून जात नाही. ती दोन वर्षं मी गावातच होते. गावानं केलं, हे खरं. पण काय केलं, कधी केलं आणि कुणासाठी केलं, हे आपण फार लवकर विसरलो. म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतं. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पट्टा पडायचा, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपायचा होता. माणसं फडात, कोप्यांमध्ये, म्हणजे तिथल्या झोपड्यांत, अडकली. १७ एप्रिलला सरकारनं त्यांना घरी परतायची परवानगी दिली, तेव्हा राज्यात असे सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड मजूर कारखान्यांवर होते. त्यातले काहीशे आमचे.

आणि गावानं पहिलं काम काय केलं? वेशीत येड्या बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. मीही त्याला मान हलवली होती. टीव्हीवर आकडे बघून पोटात गोळा आला होता. पाच महिने उसाच्या पाचटात राबून आलेली आपलीच माणसं ट्रकमध्ये बसून, लेकरं मांडीवर घेऊन, फांद्यांच्या पलीकडे थांबली होती. एका म्हातारीनं अलीकडून नातवाला हाक मारली. तो उतरायला लागला तर दोघं-तिघं ओरडले, "उतरू नको!" पाच वर्षांचं पोर होतं ते. त्या रात्री मला झोप आली नाही.

वाट काढली ती एका ऐंशीच्या पुढच्या आजोबांनी. लहानपणी त्यांनी घरात प्लेगच्या आणि मानमोडीच्या गोष्टी ऐकलेल्या. मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ. ते म्हणाले, "तवा गाव रानात ऱ्हायला जायचं. माणसाला लांब ठिवायचं, पर तोडायचं न्हाई." इतकंच बोलले. पण तोवर आमच्यापुढे दोनच पर्याय होते, घरात घ्या नाहीतर वेशीबाहेर ठेवा. रानातला आखाडा, म्हणजे शेतातलं खोपट, हा तिसरा पर्याय डोळ्यासमोर असून दिसला नव्हता.

सकाळी ठरलं. ज्याचा आखाडा आहे तो चौदा दिवस आखाड्यावर राहील. ज्याला आखाडा नाही तो जिल्हा परिषदेच्या शाळेत. भाकरी गल्लीनं वाटून घेतली, एकेका गल्लीकडे एकेक दिवस. भांडी परत घ्यायला नकोत म्हणून पळसाच्या पत्रावळीवर पिठलं-भाकरी, वर दुसरी पत्रावळ झाकायची. बांधावर ठेवायचं, हाक मारायची, मागं सरकायचं. रेशनचा तांदूळ माणशी पाच किलो फुकट मिळू लागला होता, पण तांदळावर आमच्याकडे कुणाचं पोट भरत नाही. ज्वारी घराघरातून निघाली. त्या वर्षी ज्वारी बरी झाली होती, हे नशीब.

इथवर सांगितलं की माणसं टाळ्या वाजवतात. पुढचं सांगत नाहीत.

गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला पालं होती. सात कुटुंबं. भंगार आणि केस गोळा करून जगणारी. टाळेबंदीत फिरणंच बंद, म्हणजे कमाई शून्य. रेशनकार्ड नाही, म्हणून तो पाच किलो तांदूळही नाही. आठ दिवस त्यांच्याकडे आमच्यातलं कुणी फिरकलं नाही. दुष्टपणानं नाही. आमची डब्याची यादी भावकीनं केली होती, प्रत्येकानं आपापल्या गल्लीतली, आपापल्या सोयऱ्यांची नावं सांगितली. पालांना भावकी नाही. आशाताई, म्हणजे गावच्या आशा सेविका, घरोघरी सर्वेक्षण करत तिथं पोचल्या, कारण त्यांच्या सरकारी वहीत "वस्ती व पाल" असं लिहिलेलं होतं. एका पालात दोन दिवस चूल पेटली नव्हती. त्यांनी येऊन पारावर सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. संध्याकाळी डबे गेले, पुढे महिनाभर गेले. गाव आहेच तसं, कळलं की धावतं. पण कळायला आठ दिवस लागले, आणि कळलं ते एका कागदामुळे.

नाना, कागदावर का, त्याचं उत्तर हे आहे.

दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिलमध्ये, खरी परीक्षा झाली. पहिल्या वर्षी आजाराची भीती जास्त होती, आजार कमी. आता घरटी खोकला. फोन आला की पहिला प्रश्न "स्कोअर किती?", म्हणजे छातीच्या सिटीस्कॅनचा. रेमडेसिविरच्या इंजेक्शनसाठी माणसं रात्ररात्र फिरली. ताप लपवायचे, कारण तालुक्याला नेलेला माणूस परत येत नाही असा समज बसला होता. आमच्या गावातली चार माणसं गेली. एकाचा देहही गावात आला नाही. त्यांच्या दहाव्याला कुणी जाऊ शकलं नाही, आणि आमच्याकडे दहाव्याला न जाणं म्हणजे काय ते ज्यांना कळतं त्यांना कळेल. बाया अंगणाच्या कडेला लांब लांब बसून राहिल्या. रडायलाही जवळ जाता येत नव्हतं.

पण त्याच दिवसांत मी एक गोष्ट पाहिली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका घरात सगळेच पॉझिटिव्ह. दारात तीन दुभत्या गायी. डबा पोचवणं सोपं, गायींचं काय? दूध काढलं नाही तर कास सुजते, आणि गाय नवख्या हाताला पान्हा सोडत नाही, लाथ मारते. शेजारच्या काकूंनी त्या घरच्या बाईचं दोरीवर वाळत घातलेलं लुगडं काठीनं उचललं, साबणाच्या उकळत्या पाण्यात टाकलं, दोन दिवस एप्रिलच्या उन्हात ठेवलं आणि मग ते नेसून गायीखाली बसल्या. तोंडाला फडकं. पहिल्या दिवशी गायीनं अर्धंच दूध दिलं, तिसऱ्या दिवशी पुरतं. सतरा दिवस सकाळ-संध्याकाळ. डेअरीचा पगार त्या घराच्या खात्यावर जमा होत राहिला, त्यातूनच त्यांची औषधं झाली. असं काम कुठल्या जीआरमध्ये बसत नाही आणि कुठल्या पुरस्काराच्या निकषातही.

जूनमध्ये त्याच घराची पेरणी गावानं सावडीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून बिनमोबदला, केली. इर्जिक म्हणायचे पूर्वी. औतं जाऊन ट्रॅक्टर आले तशी ती बंदच पडली होती.

शेजारच्या नगर जिल्ह्यात हिवरे बाजारनं मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केलं. पोपटराव पवारांच्या त्या गावानं पथकं नेमली, घरोघर तपासणी केली, बाधितांना वेळेत वेगळं ठेवलं. मग सरकारनं जूनच्या सुरुवातीला कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली, प्रत्येक महसूल विभागात पहिलं बक्षीस ५० लाख. हेतू चांगलाच होता. पण माझं मत असं की हिवरे बाजारला जमलं ते बक्षिसामुळे नाही. तिथं १९९० पासून ग्रामसभेची, ठरवलेलं पाळण्याची सवय आहे. पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या गावाला तापाच्या नोंदी ठेवणं जड जात नाही. आपल्याकडे ती सवय नाही, म्हणून तर आत्ताच, साथ नसताना, लिहून ठेवायला हवं.

आणि आशाताई. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा आठवडाभर संपावर गेल्या, तेव्हा आमच्याच गावात काही जण म्हणाले, "आत्ता ही येळ हाय का?" मला वाईट वाटलं. दारोदार ऑक्सिमीटर घेऊन, आधी पदराचाच मास्क करून फिरलेली बाई. घरी गेल्यावर तिची स्वतःची लेकरं तिला शिवत नव्हती. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. गावानं मात्र साधा नारळही दिला नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. कोणत्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, कुणाकडे कार्ड नाही, ओढ्याकाठी यंदा किती पालं आहेत, याची यादी दर दिवाळीला नवी व्हावी. ती करणाऱ्या बाईला ग्रामपंचायतीनं मोबदला द्यावा. शाळेत वेगळं ठेवायची वेळ आली तर संडास आणि पाणी चालू असावं, कारण २०२० मध्ये शाळेच्या चार संडासांपैकी एकच चालू होता आणि पहिले तीन दिवस बायकांनी काय काढलं ते मला ठाऊक आहे. कुठल्या आखाड्यावर किती माणसं राहू शकतात तेही लिहून ठेवावं. ते आजोबा आता नाहीत.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी हा विषय परत मांडणार आहे. गावातल्या बायांनो, तुम्ही या. मागे बसू नका.

कोरोनातला तो ऑक्सिमीटर अजून आशाताईंच्या फडताळात आहे. परवा घरी गेले तेव्हा त्यांनी काढून दाखवला, माझं बोट त्यात घातलं. सेल मागच्याच महिन्यात बदललेत म्हणाल्या. स्वतःच्या पैशानं.